कागद नसलेला करार



आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांमुळे मराठी माणसाला ठाऊक आहे. कानडी आणि मराठी येथे एकाच ओसरीवर बोलल्या जातात. या सीमाभागात शेतीवरील सालगड्याची एक जुनी रीत आहे. गुढीपाडव्याला गड्याचे साल संपते आणि नवे ठरते. पाडव्याआधीचे चार-आठ दिवस गड्याचे. काय मागायचे ते त्याने तेव्हाच मागावे. एकदा साल ठरले, उचल घेतली, की वर्षभर मालकाने सांगावे आणि गड्याने ऐकावे. मात्र चांगल्या गड्याला दोन घरची बोलावणी असली, तर मालकही जपून बोलतो. आज ज्या प्रसंगाविषयी मी बोलणार आहे, तो घडला इंग्लंडमधील क्रिकेटच्या मैदानांवर. पण त्याचे मर्म पाडव्याच्या या बोलीतच आहे.

1952 च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. इंग्लंडचा एक डाव आणि 8 धावांनी पराभव झाला. त्या सामन्यात जामनगरच्या विनू मंकड यांनी पहिल्या डावात 55 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 53 धावांत 4 बळी घेतले. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे, एका शिक्षकाचे चिरंजीव. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जावयाचा होता.

याच सुमारास लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबने मंकड यांना त्या हंगामासाठी बोलावणे केले. लँकेशायरच्या गिरणगावांतील हे क्लब एखाद्या नामांकित खेळाडूला पैसे देऊन आणीत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून नेल्सन क्लबकडून असेच खेळले होते. मंकड यांचा प्रपंच क्रिकेटवर चालत होता. त्यांनी नियामक मंडळाला एवढेच विचारले, की दौऱ्यासाठी माझी निवड निश्चित आहे का? तसे असेल तर मी क्लबला नकार देतो.

मंडळाने असे आश्वासन देण्याचे नाकारले. त्याची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. एकाला आगाऊ शब्द दिला, तर उद्या दहाजण तोच मागतील. मग निवड समितीने बसून करावयाचे काय? हा युक्तिवाद तत्त्वाला धरून होता. परंतु त्यात एक उणीव होती. मंडळाला खेळाडूची निष्ठा हवी होती. त्या निष्ठेच्या बदल्यात काही बांधून देण्याची तयारी मात्र नव्हती. मंकड यांनी हॅस्लिंग्डनच्या करारावर सही केली आणि भारतीय संघ त्यांच्याविना निघाला.

जूनच्या आरंभी लीड्स येथे पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकर यांनी 133 आणि हजारे यांनी 89 धावा केल्या, तोवर सारे ठीक होते. दुसऱ्या डावाच्या आरंभी मात्र एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. धावफलकावर शून्य आणि बळींच्या घरात चार! त्या चौघांपैकी दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर हे तिघे आपले मराठी. चौथे बंगालचे पंकज रॉय. सामना इंग्लंडने सात गडी राखून जिंकला.

आता मंडळाला मंकड यांची आठवण झाली. परंतु आता एकट्या मंकड यांच्याशी बोलून भागणार नव्हते. हॅस्लिंग्डन क्लबची मनधरणी करावी लागली. क्लबने उरलेल्या कसोटी सामन्यांसाठी त्यांना मोकळीक दिली. लीगचे सामने सोडून मंकड लॉर्ड्सवर आले. पहिल्या डावात 72 धावा. नंतर 73 षटके गोलंदाजी करून 196 धावांत 5 बळी. दुसऱ्या डावात सलामीला जाऊन 184 धावा, आणि त्यात हजारे यांच्यासमवेत 211 धावांची भागीदारी. पुन्हा अखेरच्या डावात 24 षटके. इतके करूनही भारत आठ गडी राखून हरला. एकट्याच्या बळावर संघ जिंकत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की त्या एकट्याला घरी ठेवणे संघाला परवडत नाही.

याच काळातील इंग्लिश फुटबॉलपटूंची स्थिती पाहिली, म्हणजे मंकड यांच्या प्रसंगातील गंमत कळते. तेथे खेळाडूला करार होता, पगारही होता; पण कराराची मुदत संपली तरी क्लब त्याला अडकवून ठेवू शके. 1960 साली जॉर्ज ईस्टहॅम यांनी न्यूकॅसल क्लबकडून खेळण्याचे नाकारले आणि काही काळ चक्क बुचाच्या लाकडाची विक्री करण्याची नोकरी पत्करली. अखेर त्यांना आर्सेनलकडे जाऊ दिले गेले, आणि 1963 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ही अडकवून ठेवण्याची पद्धत अन्यायकारक ठरविली. ईस्टहॅम यांना कागदाने बांधले होते. मंकड यांच्याशी मंडळाचा कागदच नव्हता! जो कागद न दिल्यामुळे खेळाडू असुरक्षित राहिला, त्याच कागदाच्या अभावी मंडळाचेही हात रिते राहिले.

आता काळ पालटला आहे. भारतीय मंडळ आपल्या खेळाडूंना वार्षिक करार देते आणि 2008 पासून खेळाडूंचे जाहीर लिलावही होत आहेत. हे आकडे पाहून कित्येक वृद्ध रसिक हळहळतात, की खेळात पैसा शिरला आणि निष्ठा गेली. मला तसे वाटत नाही. मंकड यांनी पैसा आधी मागितला नव्हता. त्यांनी शब्द मागितला होता. तो मिळता, तर हॅस्लिंग्डनचा पैसा ते सोडणार होते. निष्ठा त्यांच्या बाजूने तयार होती. ती स्वीकारण्याची तयारी समोर नव्हती.

आमच्याकडचा शहाणा शेतकरी पाडव्याची वाट पाहत नाही. आठ दिवस आधी गड्याच्या दारी जाऊन तो म्हणतो, ‘यंदाही तूच आहेस बरं का.’ या एका वाक्याला त्याचा पैसाही पडत नाही. 1952 साली तेवढे एक वाक्य कोणी उच्चारले असते, तर लीड्सच्या त्या डावात सलामीला कदाचित मंकडच उतरले असते.