बुलबुल आणि कोंडाण्याचा उंदीर

पुण्याच्या बागांतून पहांटे ज्याची शीळ कानीं येते, तो लालबुड्या बुलबुल ओळखण्यास पक्षिशास्त्र शिकावें लागत नाहीं. शहराच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या माथ्यावर राहणारा कोंडाणा उंदीर मात्र बहुतेक पुणेकरांनीं पाहिलेलाच नाहीं. एक घरोघरचा, दुसरा अतिदुर्मिळ. असें असतां शास्त्रीय बारशांत चूक झाली ती बुलबुलाच्या!

ब्रिसों या फ्रेंच पंडितानें १७६० सालीं एका तुरेवाल्या पक्ष्याचें वर्णन छापलें, तें आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा पक्षी म्हणून. त्यावर विसंबून लिनियसानें १७६६ मध्यें त्यास ‘काफेर’, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा, असें लॅटिन विशेषण जोडलें. हा पक्षी तेथला नव्हेच. पुढें विद्वानांनीं त्या नांवाचें मूळ स्थान श्रीलंका ठरविलें. परंतु केवळ अर्थ चुकला म्हणून प्रथम दिलेलें नांव बदलतां येत नाहीं, असा या शास्त्राचा दंडक आहे. बुलबुलाचें त्यानें कांहींच बिघडलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदी गिरमिटियांबरोबर तो फिजी बेटांतही पोहोचला, आणि तेथें फळांचा शत्रु ठरला.

उंदराची हकीकत निराळी. मऊ केसांच्या उंदरांची ‘मिलार्डिया’ ही प्रजाति ऑल्डफील्ड थॉमस यांनीं १९११ सालीं स्थापिली. नांव मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे चिटणीस मिलार्ड यांचें. याच मंडळानें त्या सुमारास देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, हजारों नमुने जमविले; तरी मुंबईपासून एवढ्या जवळचा हा गडकरी शास्त्रास अनोळखीच राहिला. शेतांतल्या मऊ केसांच्या उंदराहून हा मोठा व वेगळा, हें पुण्यांतील दोघा संशोधकांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें. नांव निवडलें तें गडाचें जुनें : तानाजी मालुसरे १६७० सालीं ज्यासाठीं पडले तो कोंडाणा.

नांव अचूक आहे, आणि त्यांतच चिंतेचें कारण आहे. खोटा पत्ता बुलबुलास परवडला. उंदराचा खरा पत्ता फार आंखूड आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघानें त्यास संकटग्रस्तांच्या यादींत घातलें आहे. त्याच माथ्यावर गुरें चरतात आणि सुटीच्या दिवशीं पिठलें-भाकरीसाठीं शहर लोटतें. त्या गर्दीशेजारच्या झुडपांत बुलबुल खुशाल घरटें बांधील. उंदरास मात्र सह्याद्रींतल्या मोजक्याच जागा आहेत.