उन्हाळ्यातलं बेसबॉल

९ नोव्हेंबर १९१२. कॉलर वर करून तुम्ही वेस्ट पॉइंटच्या मैदानाकडेला उभे आहात. हडसन नदीवरचा वारा कानाला झोंबतोय. एका बाजूला अमेरिकेच्या लष्करी अकादमीचे कॅडेट. दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलची पोरं. या सरकारी शाळेत मूलनिवासी मुलं आली की आधी केस कापतात, मग भाषा तोडतात. जेमतेम बावीस वर्षांपूर्वी वुंडेड नी इथे याच देशाच्या सैन्याने लाकोटा जमातीच्या लोकांना बायकापोरांसकट गोळ्या घातल्या होत्या. आजची ही मॅच नुसती मॅच कशी असेल?

खेळ फुटबॉलच, पण चेंडू लांबुळका आणि पायापेक्षा हातातच जास्त. नावाचं कोडं सोडवत बसू नका. तो बघा, जिम थॉर्प आला. ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. चारच महिन्यांपूर्वी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्ही सुवर्णपदकं घेऊन आलाय. त्याला अडवायला धावणाऱ्यांत आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेटही आहे. हाच पुढे राष्ट्राध्यक्ष होणार. आज मात्र त्याला थॉर्प काही आवरत नाही.

कडेला उभा आहे तो कोच, पॉप वॉर्नर. कपटी म्हणावा इतका हुशार. आज त्याने मागचे दोन गडी फळीच्या दोन टोकांना सरकवलेत. चेंडू नेमका कुणाकडे गेला, हे कॅडेटांना कळेपर्यंत कार्लाइलवाले पुढे पसार. अंगापिंडाने मोठ्या संघाला डोक्याने हरवायची ही त्याची रीत. निकाल २७-६. कॅडेट माना खाली घालून निघतात.

आता दोन-अडीच महिने पुढे चला. जानेवारी १९१३. वर्तमानपत्रात बातमी आली आहे: थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळलं. रकमा किरकोळच. कॉलेजची कितीतरी पोरं तेच करत होती, फक्त खोट्या नावाने. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं, हीच त्याची चूक. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी. आता तो हौशी राहिला नाही, पदकं परत.

वॉर्नर म्हणतो, मला काहीच माहीत नव्हतं. माझा यावर काडीचाही विश्वास नाही. दोन उन्हाळे बाहेर राहिलेल्या पोराला १९११ मध्ये संघात परत आणताना कोचने विचारलंच नसेल, इतके दिवस काय करत होतास? थॉर्पच्या नावाने माफीचं पत्र गेलं. आपण अडाणी इंडियन शाळकरी पोर, नियम कळले नाहीत, असा त्याचा सूर. त्यामागे वॉर्नरचा हात होता, असं अनेक अभ्यासक मानतात. पदकं गेली, कोचची अब्रू तेवढी वाचली.

तीही फार दिवस नाही. १९१४ मध्ये संसदेची चौकशी समिती कार्लाइलला आली, तेव्हा त्याच्याच खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला आणि तिथेही जिंकत राहिला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली.

आणि नियम? तक्रार तीस दिवसांत करायची, असं १९१२ च्या ऑलिंपिकच्या नियमांतच लिहिलेलं होतं. इथे तर सहा महिने उलटले होते. तेव्हा ते नियम कुणी उघडून पाहिले नाहीत. १९१२ चा एकमेव विजेता म्हणून थॉर्पचं नाव परत लागलं ते जुलै २०२२ मध्ये. तो १९५३ मध्येच गेला होता.