नोंद बरोबर, भरवसा चुकीचा

संगणकाच्या स्मृतीलाही पाने असतात, हे कळले तेव्हा माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला आधी बरेच वाटले. पण ही पाने वाचण्याची नव्हेत. स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे, एवढाच त्यांचा अर्थ.

त्यांचे गाव मँचेस्टर. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साथीने ॲटलास हा संगणक उभारला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. जलद स्मृती महाग, म्हणून ती जेमतेम १६ हजार शब्दांची. बाकीचा ऐवज फिरत्या चुंबकी ड्रमवर. कोणती गोष्ट कुठे ठेवली, याचा हिशेब तोवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्याला असे. ॲटलासने स्मृतीची ५१२-५१२ शब्दांची पाने पाडली आणि प्रोग्रॅमने सांगितलेला पत्ता व वस्तूची खरी जागा यांच्यामध्ये एक नोंदवही ठेवली. हवे ते पान जलद स्मृतीत नसले की यंत्र थबके, ड्रमवरून पान आणी, नोंद बदली. प्रोग्रॅमला याची गंधवार्ताही नसे.

पुढे ही वही घरोघरच्या संगणकांत आली. प्रत्येक प्रोग्रॅमची वही वेगळी, म्हणून एकाला दुसऱ्याचे दिसत नाही. फक्त एक सोय केलेली होती. साऱ्या यंत्राचा कारभार पाहणारा जो कर्नल, त्याची पानेही प्रत्येक वहीत नोंदलेली असत. भाडेकरूच्या नकाशात मालकाची खोली दाखवावी आणि दारावर ‘प्रवेश बंद’ची पाटी लावावी, तसे. कारण वेळ वाचवणे. वारंवार वही बदलायला नको.

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले. ऑस्ट्रियातील ग्राझचे तंत्रविद्यापीठ, गुगलचे यान हॉर्न आणि जर्मनीतील सायबेरस कंपनी यांना हा दोष स्वतंत्रपणे सापडला होता. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर घाईत पाटी वाचण्याआधीच खोलीत डोकावत. मग चूक ध्यानात आली की उत्तर टाकून देत. पण डोकावल्याची खूण कॅशमध्ये उरे. कोणते उत्तर किती लवकर येते हे मोजून आतले अक्षर ओळखता येई. पासवर्डसुद्धा! वर्षानुवर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही, यात मला नवल वाटत नाही. नोंद बरोबर होती, पाटीही बरोबर होती. चुकीचे शोधणारा माणूस बरोबर असलेल्या ओळीवर कशाला थांबेल?

उपाय ग्राझच्याच मंडळींनी २०१७ मध्ये दुसऱ्या एका गळतीसाठी सुचवून ठेवला होता: पाटीवर विसंबू नका, उंबरठ्यापुरती पाने ठेवून बाकीची खोली नकाशातूनच काढा. लिनक्सने तो स्वीकारला. त्यामुळे कर्नलकडे जाता-येता वही बदलावी लागते आणि काही कामे मंदावतात. नंतरच्या प्रोसेसरांत दोष मुळातच दुरुस्त झाला. म्हणून लिनक्स सुरू होताना प्रोसेसरची चौकशी करते, आणि तो दोषमुक्त असला, तर ही दुसरी वही उघडत नाही.