जुना संगणक, नवी हार्ड डिस्क : अपुऱ्या पडलेल्या रकान्यांचा इतिहास

१/ जुन्या संगणकात २५० जीबीची नवी हार्ड डिस्क बसवली जाते, तारा जोडल्या जातात, यंत्र सुरू होते. आणि पडद्यावर क्षमता दिसते केवळ १३७ जीबी. पहिला संशय विक्रेत्यावर जातो. प्रत्यक्षात डिस्क निर्दोष असू शकते. अडचण असते ती पत्ता लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत.

२/ डिस्कवरील माहितीच्या प्रत्येक तुकड्याला पत्ता लागतो. जुना पत्ता तीन भागांचा होता : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. वाडा, मजला, खोली असाच हा प्रकार. एका खोलीत, म्हणजे सेक्टरमध्ये, ५१२ बाइट मावत.

३/ आयबीएमचा १९८१ चा पीसी हार्ड डिस्कविना आला. मार्च १९८३ मधील पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क होती. बायोसच्या पत्त्यात सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखलेले होते : १०२४ × २५६ × ६३. एकूण मर्यादा सुमारे ८.४ जीबी, म्हणजे त्या डिस्कच्या आठशे पटींहून अधिक. ही योजना कोत्या दृष्टीची होती असे म्हणता येत नाही.

४/ पुढे आयडीई डिस्क आल्या. त्यांच्या पत्त्याचे रकाने निराळे होते : ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. ही मर्यादाही सुमारे १३७ जीबी, म्हणजे ऐसपैस. पण पत्त्याला दोन्ही नियमांतून जावे लागे. म्हणून प्रत्येक रकान्यातील लहान आकडाच लागू झाला. १०२४ × १६ × ६३ × ५१२ = सुमारे ५२८ एमबी! दोन उदार योजनांच्या सांध्यावर एक अरुंद दार तयार झाले, आणि १९९० च्या दशकात डिस्क त्या दारावर येऊन अडल्या.

५/ त्यावर अनेक तोडगे निघाले. नवे बायोस पत्त्याचे ‘भाषांतर’ करू लागले : सिलिंडर कमी दाखवायचे, हेड वाढवून सांगायचे. ज्यांचा बायोस जुना होता, त्यांच्यासाठी डिस्कच्या आरंभी बसणारी दुभाषी सॉफ्टवेअरे आली. मात्र अशी डिस्क दुसऱ्या संगणकात लावली की दुभाषा अनुपस्थित आणि मजकूर अनाकलनीय, असा प्रसंग ओढवू शके. काही डिस्कवर तर क्षमता मुद्दाम कमी सांगण्यासाठी जंपर असे.

६/ अखेर तीन भागांचा पत्ता मागे पडला आणि सेक्टरांना सलग क्रमांक देणारी एलबीए पद्धत रुळली. तिचा क्रमांक २८ बिटांचा होता : २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे पुन्हा १३७ जीबी. पुढे ४८ बिटांचे पत्ते आले. विंडोज एक्सपीला ते २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नीट हाताळता येऊ लागले.

७/ खरा धोका याच टप्प्यावर होता. विंडोज ९८ च्या मूळ ड्रायव्हरला १३७ जीबीपलीकडचा पत्ता मिळाला, तर वरचे बिट गळून पडत आणि लेखन डिस्कच्या आरंभी होई. विभाजनाची व फायलींची नोंदवही तिथेच असते. म्हणजे डिस्क महिनोन्‌महिने सुरळीत चाले आणि भरत आल्यावर एके दिवशी आधीचे सारे दप्तर पुसून टाकी. क्षमता कमी दिसणे हा केवळ तोटा होता. पूर्ण क्षमता दिसूनही पत्ता चुकणे हा सर्वनाश होता.

८/ २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या, तेव्हा १९८३ पुन्हा आडवे आले. त्या वर्षीच्या डॉस २.० सोबत आलेल्या एमबीआर विभाजन-तक्त्यात सेक्टर-क्रमांकासाठी ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या हिशेबाने मर्यादा २.२ टीबी. त्यापुढे जीपीटी तक्ता लागतो, आणि जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायची तर बायोसऐवजी यूईएफआय असावे लागते.

९/ या सगळ्यात कोणी एक दोषी सापडत नाही. कालचे प्रोग्राम आजही चालावेत, या आग्रहापायी प्रत्येक पिढीने जुने रकाने जपले आणि त्यांवर नवे चढवले. म्हणूनच जुन्या संगणकात नवी डिस्क बसवताना बायोस, ड्रायव्हर आणि विभाजन-तक्ता या तिघांचीही मर्यादा तपासावी लागते. तिघांतील सर्वांत लहान आकडाच खरा. आणि तो आकडा कळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.