ठाकुर्लीचे वीजगृह आणि बिस्मथचे कोडे

ठाकुर्लीस जी. आय. पी. रेल्वेने १९२९च्या सुमारास उभारलेले वीजगृह आता थंडावले आहे. तेथून निघणाऱ्या विजेचा काही अंश तारांच्या रोधापायी उष्णता होऊन वाटेतच विरे. हा कर सर्वत्र अटळ नव्हे, हे हॉलंडात कामरलिंग ओनेस यांनी १९११ सालीच दाखविले होते; शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर पाऱ्यातील रोध नाहीसा झाला. बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ साली त्याची उपपत्ती दिली. अणुजालाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉन जोडीने चालतात, हे तिचे सार होय.

परंतु निसर्ग शास्त्रीबुवांच्या पोथीस बांधलेला नाही. २०१६ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांस, निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या अर्ध्या सहस्रांश अंशावर, बिस्मथमध्येही अतिवाहकता आढळली. या धातूत सुमारे लक्ष अणूंमागे एकच वाहक कण! इतक्या विरळ वस्तीत जोड्या जमाव्या कशा, याचे उत्तर जुन्या उपपत्तीत मिळत नाही.

म्हणूनच डॉक्टरेट मिळाल्यावरही वर्षानुवर्षे कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या तरुण सैद्धांतिकांस आम्ही रिकामटेकडे मानीत नाही. प्रश्न मुंबईत उद्भवला. उत्तरही येथेच का न निघावे?