टांचणी आणि छायाचित्र

पावसाळा ओसरूं लागला कीं बांधावर चतुर घिरट्या घालूं लागतात. त्यांच्या शेपटीस दोरा बांधून त्यांजकडून खडे उचलविण्याचा खेळ आमच्या पुष्कळ वाचकांनीं लहानपणीं खेळला असेल. त्या क्रूर खेळाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु चतुरास धरावयाचें तर दबकत जावें लागतें, आणि उडालेला चतुर पुष्कळदां त्याच काडीवर परत येऊन बसतो, हें ज्ञान त्याच खेळानें आम्हांस दिलें. आज छायाचित्रयंत्र घेऊन तळ्याकांठीं बसणाऱ्याच्या कामीं येतें तें हेंच ज्ञान.

या कीटकांचा शास्त्रीय इतिहास मोठा मनोरंजक आहे. स्वीडनच्या लिनीयसनें १७५८ सालीं त्या सर्वांस 'लिबेल्युला' या एकाच नांवाखालीं घातलें. त्याचा डॅनिश शिष्य फाब्रिसियस यानें १७९३ सालीं त्यांचा 'ओडोनाटा' हा स्वतंत्र गण कल्पिला. आपल्या मैदानांवर थव्याथव्यांनीं तरंगणाऱ्या पिवळसर चतुराचें शास्त्रीय नामकरणही त्यानेंच १७९८ सालीं केलें. आपल्या देशांत मुंबईस १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकांत लष्करी वैद्यक सेवेंतील एक डॉक्टर, फ्रेझर, यांनीं हिंदी चतुरांवर अनेक वर्षें लेख लिहिले. पुढें १९३३, १९३४ व १९३६ या सालीं निघालेले त्यांचे तीन खंड अभ्यासकांस आजही हाताशीं लागतात.

त्या काळची रीत कीटक मारून टांचणीनें खोंचून ठेवण्याची होती. चतुराच्या सडपातळ भावंडास आपल्या भाषेंत 'टांचणी' असेंच नांव आहे, हा एक विलक्षण योगायोग! परंतु मेलेल्या चतुराचे रंग, विशेषतः डोळ्यांचे, लवकर विटतात. छायाचित्रांत ते टिकतात, आणि तो जीवही वांचतो. म्हणून जुन्या रीतीस नांवें ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. कांहीं जाती इतक्या सारख्या असतात, कीं नराच्या शेपटीच्या टोकाचे आंकडे किंवा पंखांतील शिरा बारकाईनें पाहिल्यावांचून त्यांचा निर्णय होत नाहीं. तेथें सुंदर चित्रही मुकें राहतें.

दोन्ही रीतींस सारखीच आवश्यक अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे तारीख आणि ठिकाण. वर सांगितलेल्या पिवळसर चतुराचेंच उदाहरण घ्या. मालदीव बेटांवर गोडें पाणी फारसें सांठून राहत नाहीं, तरी तेथें ऑक्टोबरच्या सुमारास या चतुरांचे थवे उतरतात. तेथें राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानें त्यांच्या आगमनाच्या तारखा वर्षानुवर्षें टिपून ठेवल्या. हे चतुर हिंदुस्थानांतून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असें अनुमान त्यानें २००९ सालीं त्यांवरून मांडलें. एवढ्या मोठ्या प्रवासाचा मागोवा साध्या नोंदवहीनें लागला!

आपल्या गांवच्या तळ्याचेंही असेंच आहे. चतुराचें बालपण पाण्यांत जातें. तेथें तो डांसांच्या अळ्या व इतर लहान जीव खाऊन वाढतो. पाणी बिघडलें कीं कोणते चतुर दिसतात हें बदलतें. फाब्रिसियसनें 'कंटॅमिनाटा' असें नांव दिलेला एक नारिंगी चतुर सांडपाण्याच्या नाल्यावरही सुखानें नांदतो. म्हणून चतुर पुष्कळ दिसतात एवढ्यावरून पाणी निर्मळ आहे असें समजूं नये. कोणते दिसतात, आणि कालपर्यंत दिसणारे कोणते दिसेनासे झाले, हें पाहिलें पाहिजे.

पाणथळ जागांच्या रक्षणाच्या रामसर करारांत हिंदुस्थान १९८२ सालीं सामील झाला. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर-मध्यमेश्वर हें त्यांत आलेलें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ. परंतु गांवाबाहेरच्या डबक्यास अशी सनद कोण देणार? तें बुजविलें गेल्यावर तेथें पूर्वीं काय होतें, हें सांगावयास कोणाची तरी नोंद हवी. ती आपल्या घरांतील मुलांनीं ठेवावी, असें आम्हांस वाटतें. दोऱ्याच्या जागीं त्यांच्या हातीं छायाचित्रयंत्र द्यावें, आणि प्रत्येक चित्राखालीं दिवस व जागा लिहावयास शिकवावें.