गिरणगावची बाळंतीण आणि न रडलेलं बाळ

मृत बाळ जन्माला आलं की घरच्यांपुढे पहिला प्रश्न दफनाचा असतो. हनफी फिकहमध्ये त्याचं उत्तर आहे. अवयव घडलेल्या बाळाला गुस्ल द्यावं, नाव ठेवावं, कापडात गुंडाळून दफन करावं; जनाजाची नमाज मात्र नाही. म्हणजे ते बाळ होतं, एवढं शरियत मान्य करते. दुसरा प्रश्न आईचा. ती कामावर कधी जाणार, आणि तोवर चूल कशी पेटणार?

परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका राबत. 1921 साली मुंबईत हजार जन्मांमागे 600 हून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी 1922 साली चाळींतल्या बाळंतपणांवर अहवाल दिला. तान्ह्याला अफू चाटवून आई पाळीवर जाते, हे त्यातून सरकारदरबारी पोचलं.

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले. ते तेव्हा परळच्या चाळीत राहत. त्यांची चार मुलं बालपणीच गेली होती. धाकटा राजरत्न दोनच वर्षांपूर्वी. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र तोवर, बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाने तो उचलावा.

1929 साली कायदा झाला. बाळंतपणानंतर चार आठवडे कामाला बंदी, आणि रजेत रोज 8 आणे. पैसे मालकाने द्यायचे होते. पुढच्या काळात गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत गेलं. रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांतले बदल ही त्याची कारणं होती, तसा हा खर्चही एक कारण ठरला. गिरणीबाहेर पडलेल्या बाईला कायदा उरलाच नाही.

न रडलेल्या बाळाची दखल पुढे स्पष्ट शब्दांत आली. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने 26 आठवड्यांनंतरची प्रसूती, बाळ जिवंत असो वा मृत, प्रसूतीच मानली. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं. एवढ्याशा व्याख्येने दुःखी आईला पूर्ण पगारी रजेचा हक्क दिला. 2017 पासून ही रजा 26 आठवड्यांची झाली.

पण हा हक्क नोकरीच्या कागदावर उभा आहे. मदनपुऱ्यात घरी बसून शिलाई करणाऱ्या, दादरला भाजी विकणाऱ्या बाईकडे तो कागद नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये. शेवटचा हप्ता जन्मनोंदणी आणि बाळाच्या लसीकरणानंतर. मृत जन्म झाला तर तो हप्ता मिळत नाही. पुढच्या गर्भारपणी पुन्हा पात्र व्हायचं.

पुढचं गर्भारपण आलंच नाही तर? तिलाही प्रसूतीच्या कळा आल्या, रक्त गेलं, दूधही उतरलं. लस घेणारं बाळ नाही, पण बाळंतीण आहे. नोकरदार बाईसाठी कायद्याने हे 1961 सालीच मानलं. मदनपुऱ्यातल्या बाईसाठीही ते मानावं, आणि राहिलेला हप्ता तिला बाळंतपण झाल्यावर लगेच द्यावा. हा भार सरकारचा आहे, हे तर परळच्या त्या रहिवाशाने 1928 सालीच सांगितलं होतं.